आवाजाचा राउंड

२ नोव्हेंबर
पोहोचली एकदाची पुसदले! महागाववरून जीपमधी अशी कोंबून आली का माहा पाय कोणता अन् शेजारच्या बाईचा कोणता, तेच समजत नव्हतं. खोली मस्त हाये. खिडकीतून भाजीबाजार दिसते. पार्टनर वैष्णवी मोबाईलच्या दुकानात कामाले जाते, तिच्या तोंडाचा पट्टा काही बंद होत नाई. तांड्यावरून निघतानी याडीनं, म्हणजे माह्या मायनं, एकच सांगतलं: संक्रांतीपर्यंत नोकरी लागली तं ठीक, नाई तं सेवादासच्या स्थळाले हो म्हणाचं. सेवादास वाईट नाई, पण मले आताच चूल नाई पाह्यजे. बी.कॉम. काय भाकरी थापाले केलं?

५ नोव्हेंबर
नोकरीच्या ॲपवर नाव टाकलं तं फोनवर फोन. एक म्हणे पुण्याले या, उद्याच. एकानं तं बायोडाटा न वाचताच विचारलं, ट्रॅक्टर चालवता येते का! वैष्णवी हसून हसून लोळली.
संध्याकाळी एका मॅडमचा आला. आवाज लय गोड. फोनवर बोलाचंच काम हाये, मराठीतून. तीन राउंड, तिन्ही आवाजाचे. कंपनीचं नाव विचारलं तं म्हणे सिलेक्शन झाल्यावर. त्यायचं नाव विचारलं तं नुसत्या हसल्या. मोठ्या जागी असंच असन बाप्पा.

९ नोव्हेंबर
दोन राउंड पास! पहिल्यात नुसतं वाचाचं होतं. दुसऱ्यात घराबद्दल बोलाचं. मी तं सुटलीच. याडी भुरीबाई, लाल बकरी, दारातला शेवगा, याडी शेवग्याखाली बसून माही वेणी घालते ते, मले रंजी म्हणते ते बी. मॅडम हूं हूं करत ऐकत होत्या. आजकाल कोणी एवढं ऐकते का कोणाचं? मले भरून आलं.

१२ नोव्हेंबर
तिसरा राउंड. मॅडम म्हणे, घरच्या बोलीत म्हणा काही, मनातून निघन असं. एक गाणं म्हटलं, त्या म्हणे हे पाठ केलेलं हाये. दुसरं म्हटलं, तेच. नोकरी हातची चालली असं वाटलं अन् मंग मी ढावलो म्हटला.
आमच्यात पोरगी सासरी जातानी गळ्यात पडून सुरात रडते, तो ढावलो. याडीनं शिकवतानीच बजावलं होतं, उगाच म्हणाचा नाई. परक्याजोळ रडली अन् त्यानं सुरात उत्तर देल्लं, का माहेर सुटलं म्हणून समज. मले वाटलं, फोनवर कोणाचा गळा अन् कायचं उत्तर?
खरंखुरं रडली मी. थांबली, तं पलीकडून मॅडम रडून राह्यल्या. ‘याडी वो’ म्हणत, आमच्याच बोलीत, आमच्याच सुरात. मंग डोळे पुसल्यासारखा आवाज, अन् म्हणे, अभिनंदन, सिलेक्ट.
नोकरी लागली. मंग जीव काहून असा घाबरा होऊन राह्यला?

१४ नोव्हेंबर
याडीले फोन केला. ती म्हणे, कोण बोलता मॅडम? मी म्हटलं, रंजी. तं ती म्हणे, रंजी तं कालच घरी आली, नोकरीचं जमलं नाई तिचं.
वैष्णवी विचारते आवाजाले काय झालं. सर्दी असन म्हटलं. काढा घेतला. आवाज बसला नाई, उलटा गोड होऊन राह्यला. तसाच.

१६ नोव्हेंबर
तांड्यावर गेलती. भर दुपारी. शेवग्याखाली याडी वेणी घालत होती. समोर कोणीतरी पाठमोरी, माहा हिरवा ड्रेस घालून. याडीनं मले पाह्यलं अन् पदर सावरून खाट पुढं केली. पाहुण्या बाईले करते तशी. म्हणे, कोणाकडं आल्या मॅडम?
मी याडी म्हणून हाक मारली. ती भ्याली. माही याडी मले भ्याली.
पाठमोरी वळली नाई. फक्त म्हणे, मॅडम, मले नाई कराची आता नोकरी. माह्या आवाजात.

१८ नोव्हेंबर
वैष्णवी गेली खोली सोडून. माह्याकडं पाहवत नाई म्हणे. आरशात — नाई लिहीत.
फोन मी लावत नाई, तरी लागते. पोरी उचलतात. तोंड माहं, बोल माहे नाईत. मॅडम बी कोणाची तरी रंजी असन — किती दिवस फोन करत होती ती — कायले विचारू, कोणाले —

१९ नोव्हेंबर
दारव्ह्याकडची पोरगी. तांड्यावरचीच. तिच्या याडीचं नाव लालीबाई. ती बी पोरीची वेणी घालते. दुसऱ्या राउंडात सांगतलं तिनं, सगळं सांगतलं —
फोन ठेव पोरी, म्हणाचं होतं. निघालं भलतंच. मनातून निघन असं म्हणा —
रडून राह्यली. ढावलो —
थांबली. आता उत्तराची जागा. नाई देल्लं तं ती वाचते. देल्लं तं मले याडी भेटते. माही नाई, तिची. पण वेणी घालणारी —
मी नाई रडणार. नाई —
याडी वो, मी