सुखी कुटुंब वर्गाचा व्याख्याता

५ जानेवारी १९७५, रविवार
प्रताप नगरच्या समाजमंदिरात आजपासून ‘सुखी कुटुंब वर्ग’ सुरू. दर रविवारी दुपारी, सहा आठवडे. व्याख्याता मी. वर्ग चालवणाऱ्या सिंधूताई म्हणाल्या, शिकलेला, संसारी माणूस हवा. लगेच होकार दिला.
विषय: पती-पत्नीतील संवाद. तेवीस बाया, चार पुरुष. दीड तास बोललो. पुढे बसलेल्या इंदूबाईने विचारलं, “साहेब, तुमी बोलता का जी घरी बाईसंग?” म्हणालो, अर्थात, रोज.
उत्तरा आठ दिवसांपासून पारशिवनीला, माहेरी. सोबत मुलगी गोपिका. उत्तरा नुकतीच तापातून उठली, हवापालट हवाच होता. शिलाई मशीनही नेलं. तिकडे वेळ जात नसेल.

७ जानेवारी, सायंकाळी
स्टोव्ह पेटेना. पिन आत तुटली. चिवडा खाल्ला. उत्तराला पत्र टाकलं: चार पानं, अकरा मुद्दे, सातवा स्टोव्हबद्दल.
निश्चय: उद्यापासून स्वतः स्वयंपाक. बायका उगाच बाऊ करतात.

१२ जानेवारी, रविवार
विषय: स्वयंपाकघरातील वेळेचं नियोजन. फळ्यावर तक्ता काढला. वरण, भात, भाजी, पोळ्या, एकूण चाळीस मिनिटं. प्रयागबाई नावाची म्हातारी म्हणाली, “यात पानी भरनं कुठी हाय?” मी म्हणालो, पाणी नळाला येतं. सगळ्या बाया हसल्या. का, ते कळलं नाही.
घरी आलो तर नळ कोरडा. म्युनिसिपालिटीला नियोजन ठाऊक नाही.

१५ जानेवारी
भात खाली जळाला, वर कच्चा. हे एकाच वेळी कसं होतं?
इंदूबाई, आमच्याच गल्लीतली, तिळगूळ द्यायला आली. जळलेलं पातेलं पाहून म्हणाली, “बाई माहेरी गेली का घर सोडून गेली?” मी म्हणालो, हवापालट. “मंग मशीन काहून नेली?” मी म्हणालो, छंद. पातेल्यात पाणी घालून ठेवा म्हणाली आणि गेली.
पत्राचं उत्तर नाही. पोस्ट हल्ली फार ढिलं झालंय.

१९ जानेवारी, रविवार
विषय सिंधूताईंनी निवडला: आजारपणात घरच्यांची जबाबदारी. सुरुवात उत्तम. मग घरचंच उदाहरण दिलं. डिसेंबरात पत्नीला चार दिवस ताप होता, पण तिला एकटं वाटू दिलं नाही. तूरडाळ कुठे, साखर कुठे, बनियन कुठे, दर थोड्या वेळाने दारातून विचारत राहिलो.
कोणी हसलं नाही. प्रयागबाई म्हणाली, “अन् तिले पानी कोनं देल्लं?”
आठवून पाहिलं. गोपिकाने. स्टुलावर चढून माठातून घ्यायची.
पुढचा मुद्दा घेतला. खडू दोनदा तुटला. खडू निकृष्ट आहेत.

२१ जानेवारी
रजा टाकून पारशिवनी. उत्तरा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. विचारलं, कशी आहेस? आणि वर्गाचं सांगायला लागलो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “दहा वर्षांत पहिल्यांदा विचारलंत कशी आहेस म्हणून. तेही उत्तर ऐकायला थांबला नाहीत.”
म्हणालो, बरं, आता सांग. ती म्हणाली, “आता बरी आहे. इथे आल्यापासून.”
गोपिकाने पाणी आणून दिलं आणि मैत्रिणीकडे पळाली. म्हणालो, चल आता घरी. उत्तरा शेंगा सोलत राहिली. मग तिने विचारलं, जेवून जाता का?
बसमध्ये विचार केला. जेवणाचं विचारलं, म्हणजे राग निवळतो आहे. एकूण भेट आशादायक.
दार उघडून सवयीने “अगं” म्हणालो. मग बराच वेळ चपला न काढता तसाच उभा राहिलो.

२६ जानेवारी, रविवार
सिंधूताई म्हणाल्या, आजपासून इंदूबाई बोलतील, तुम्ही बसा. व्याख्यात्याच्या घशाला विश्रांती हवीच. त्या चार पुरुषांच्या रांगेत बसलो.
इंदूबाईने आम्हा पाचांना भात शिकवला. तांदळावर बोटाची दोन पेरं पाणी. एवढंच. माझा जमला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. डोळ्यांत पाणी आलं. समाजमंदिरात धूर फार होतो.

३० जानेवारी
उत्तराचं कार्ड. एकच ओळ: “गोपिकाचं नाव इथल्या शाळेत घालते आहे, दाखला पाठवावा.”
दाखला काय, परतही आणता येतो. तात्पुरती व्यवस्था दिसते. कार्ड सहा वेळा वाचलं. खाली सही आहे. ‘तुमची’ नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार
रजा. सकाळी गोपिकाच्या शाळेत. यापूर्वी इथे कधी आलो नव्हतो. इमारत चांगली आहे.
मास्तरांनी अर्ज दिला. नाव लिहिलं. जन्मतारीख दोनदा खोडून लिहिली. इयत्ता: तिसरी. मास्तरांनी रजिस्टर काढलं, बोट फिरवत खाली आले आणि म्हणाले, “साहेब, ती चौथीत आहे.”
म्हणालो, हो, चौथी. घाईत चुकलं.
“तुकडी कोणती?”
म्हणालो, घरी विचारून सांगतो.
बाहेर पायरीवर येऊन बसलो. घंटा झाली, पोरं वर्गात गेली. आता विचारायचं कोणाला?