तू पुढे जाऊ दिलेला प्याला

ख्रिश्चन कॉलनी, अकोला
रविवार, ७ डिसेंबर २०२५

चि. अश्विन यास,

बाबाचा ख्रिस्तात सलाम आणि अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे देवाच्या कृपेने ठीक आहोत. तूही ठीक असशील असं समजून लिहितो, कारण अलीकडे तू आईला फोन केलास तरी 'बरा आहे' याच्यापुढे जात नाहीस.

फोन असताना बाबा पत्र का लिहितोय म्हणून हसशील. फोनवर मला बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे. 'जेवला का' आणि 'थंडी किती आहे' झालं की माझं इंजिन बंद पडतं आणि मी फोन आईच्या हातात देतो. म्हणून युनिटच्या पत्त्यावर लिहितो. तिकडे पत्रं उघडून वाचतात म्हणे. वाचू दे, वाचणाऱ्यालाही माझा सलाम सांग.

पत्राचं कारण आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुला शोधत बसायला नको. तुझी ताई संध्या म्हणाली, तुझी नाताळची सुट्टी मंजूर झाली आहे, पण ती तू तुकडीतल्या दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकणार आहेस. ती देऊ नकोस. घरी ये.

आता घरचं सांगतो. थंडी चांगली पडली आहे. आईचा गुडघा सकाळी दुखतो आणि दुपारी भांडायला मोकळा होतो. संध्याने अमरावतीहून संत्र्यांचं पोतं पाठवलं, तिच्या दवाखान्यातल्या कोणाची तरी बाग आहे. कॉलनीत कॅरलची प्रॅक्टिस सुरू झाली. ढोलकीवर यंदाही डोमाजीकाकाच आहेत. ते ढोलकी वाजवतात की ढोलकी त्यांना वाजवते, हे अजून कोणाला कळलेलं नाही. करंज्यांचा रवा आणून ठेवला आहे, पण आई हात लावत नाही. विचारलं की म्हणते, "कोनासाठी करू? तुमाले तं गोड बंद आहे."

आज महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे चर्चमध्ये भाकरीचं आणि द्राक्षरसाचं प्रभुभोजन होतं. त्याबद्दल लिहिणारच आहे, पण आधी ऑक्टोबरचं लिहू दे.

तू सुट्टीवर आला होतास आणि पहिल्या रविवारी आपण तिघं चर्चला गेलो. तू निळा शर्ट घातला होतास. मागच्या बाकांवरून लोक तुझ्या खांद्यावर हात ठेवून जात होते आणि माझी मान जरा जास्तच ताठ झाली होती, हे कबूल करतो. मग डोमाजीकाका द्राक्षरसाच्या प्याल्यांचा ट्रे घेऊन आपल्या बाकापाशी आले. तू ट्रे हातात घेतलास आणि प्याला न उचलता माझ्याकडे सरकवलास.

आपल्या मंडळीत याचा एकच अर्थ होतो, तो तुलाही माहीत आहे. ज्याचं कोणाशी वैर असेल, त्याने आधी जाऊन समेट करावा, मग घ्यावं. भावाभावांचं बांधावरून वाजलं की दोघंही ट्रे पुढे जाऊ देतात आणि सगळ्या चर्चला बातमी कळते. तुझं वैर कोणाशी असणार? शेजारी मीच बसलो होतो. डोमाजीकाकांनी माझ्याकडे बघितलं, बायकांच्या बाजूच्या माना वळल्या, आणि मी आपला तो द्राक्षरस गिळला. आईने आदल्या दिवशी मनुका भिजवून, उकळून तो केला होता, पण त्या दिवशी मला त्याची चवच लागली नाही.

मला वाटलं, तू मे महिन्याचा राग काढलास. सीमेवर गोळे पडत होते त्या चार रात्रींनंतरच्या रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेची पाळी माझी होती. मी आपल्या सैनिकांसाठी प्रार्थना केली, तुझं नाव घेतलं, आणि मग तोंडातून निघून गेलं, 'पलीकडच्या आयांची लेकरंही सांभाळ, प्रभू.' आमेन म्हणायला दोन-चारच आवाज उठले. तुला ते कोणीतरी कळवलं आणि तुझा फोन आला. "बाबा, तुमी कोनाच्या बाजूनं आहा? इथं तुकडीत मी एकटा ख्रिस्ती आहो. मले रोज दाखवा लागते का मी इथलाच आहो म्हणून." मी फोन आईच्या हातात दिला. तुझंही खरं होतं.

म्हणून ऑक्टोबरात मी तोंड फुगवून बसलो. जेवताना बोललो नाही, दुसऱ्या दिवशीही बोललो नाही. तू सुट्टी संपायच्या आधीच बॅग भरलीस आणि संध्याला भेटून तिकडूनच जातो म्हणालास. मी फाटकापर्यंतही आलो नाही. तू कोपऱ्यावर वळून मागे बघितलंस, ते मी खिडकीतून पाहिलं.

गेल्या गुरुवारी संध्या आली होती. स्वयंपाकघरात आईसोबत संत्री सोलत बसली होती. मी नेहमीसारखं काहीतरी टोचून बोललो, की फौजेत गेलेल्या पोरांना बापाच्या शेजारी बसवत नाही म्हणून. तिने हातातलं संत्रं खाली ठेवलं.

"बाबा, तो तुमच्यावर रागावलाच नाही. मी त्याले बडनेऱ्याले गाडीवर सोडाले गेली, तवा तो बोलला. म्हणे, ताई, तो प्याला उचलाले माहा हातच वर होत नाही. आमचे गोळे कुठं पडले, कोनावर पडले, मले मालूम नाही. कोनी सांगतही नाही."

मग आई उठली आणि विनाकारण गॅस पुसायला लागली.

अश्विन, मी जन्मभर एसटी चालवली. एकदा मूर्तिजापूरच्या पुढे धुक्यात गाडीखाली काहीतरी आलं. मी ब्रेक मारून खाली उतरलो. मागून लोक ओरडत होते, "ड्रायव्हरसाहेब, चाला ना, उशीर होऊन राहिला!" बकरी होती. मी तिच्याजवळ बसलो, तिचा जीव जाईपर्यंत बसलो, मालक आला त्याची माफी मागितली. मला खाली उतरून बघता तरी आलं. तुला तेही करता येत नाही. तुझा गोळा डोंगरापलीकडे जातो आणि तू पुढचा भरतोस. गुरुवारपासून माझ्या डोक्यात हेच फिरतंय.

मी आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांना विचारलं. तुझं नाव घेतलं नाही. ते म्हणाले, अधिकारी तलवार उगीच धारण करत नाही, असं बायबलात पौलाने लिहिलंय. लिहिलंय खरं. मी म्हटलं, मग वैऱ्यावर प्रीती करा असं प्रभूने सांगितलं, त्याचं काय करायचं? ते म्हणाले, "उत्तमराव, सैनिकानं हुकूम पाळावा, हिशेब देवाकडे." माणूस चांगला आहे, पण मला ते उत्तर पुरलं नाही. तुलाही ते पुरत नसावं.

देशाने गप्प बसावं असं मी म्हणत नाही. एप्रिलमध्ये काश्मिरात फिरायला गेलेल्या माणसांना मारलं, तेव्हा टीव्हीसमोर बसून मीही म्हणालो होतो की यांना सोडू नका. 'यांना' म्हणजे नेमकं कोणाला, ते मी विचारलं नव्हतं. मग रात्री गोळे सुरू झाले. आपल्या बाजूच्या गावांत लेकरं गेली, तिकडचीही गेली असतील. दिल्लीत आणि तिकडे बसून जे ठरवतात त्यांची कारणं असतील, ती मला कळत नाहीत. मला एवढंच कळतं की ठरवणारे वेगळे असतात आणि तोफेची दोरी ओढणारा माझा मुलगा असतो.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. मे महिन्यात मी त्या आयांसाठी प्रार्थना केली, ती माझं मन मोठं आहे म्हणून नाही. मला भीती वाटत होती. तू मरशील ही भीती तर सगळ्या कॉलनीला दिसत होती. तुझ्या हातून कोणी मरेल, ही दुसरी भीती मी कोणाला सांगितली नाही, आईलाही नाही. पलीकडची लेकरं वाचली तर माझं लेकरू त्यातून वाचेल, असा माझा आपमतलबी विचार होता. तुला वाटलं मी त्यांच्या बाजूने आहे. मी तुझ्याच बाजूने होतो रे, पण फोनवर ते सांगता आलं नाही.

आणि तुला तिथे पोहोचवलं कोणी? रविवारच्या शाळेत 'खून करू नको' हे वचन मीच तुझ्याकडून पाठ करून घेतलं, आणि भरतीसाठी अमरावतीच्या मैदानावर तुला पहाटे घेऊन गेलो तोही मीच. तू रांगेत उभा होतास आणि मी कुंपणाबाहेर हात जोडून म्हणत होतो, प्रभू, पोराची छाती मापात भरू दे. छाती भरली. मी पेढे वाटले. कशासाठी भरू दे, हे त्या दिवशी माझ्या मनातही आलं नाही.

म्हणून आज चर्चमध्ये ट्रे आला तेव्हा मीही तो पुढे जाऊ दिला. डोमाजीकाका थांबले, त्यांना वाटलं चुकून झालं. त्यांनी ट्रे परत माझ्यासमोर धरला, मी मान हलवली. माझं तुझ्याशी वैर नाही. पण जे तुझ्या हातावर आहे त्यातलं अर्धं माझ्याही हातावर आहे, आणि ते तू एकट्याने तिकडे घेऊन बसावंस हे मला सहन होत नाही.

घरी येताना आई म्हणाली, "त्याले लिहा, म्या घेतलं. घरातून कोनीतरी घेतलं पाह्यजे. तुमी बाप-लेक बसा उपाशी." आणि पदराने डोळे पुसले.

तुझी फार आठवण येते. दाढी करताना, दुपारी फाटक वाजलं की, रस्त्याने कोणी तुझ्या अंगकाठीचा पोरगा गेला की येते. तू तुकडीत हसतोस का? झोप लागते का? हे विचारायला हवं होतं, आणि मी थंडी विचारत राहिलो.

तू नाताळच्या उपासनेला यायचं नाही म्हणून सुट्टी देऊन टाकत असशील, तर ऐक. चर्चला नको येऊस. प्रार्थनाही नको करूस. मी आजवर नाताळची उपासना चुकवली नाही, ड्युटी असली तरी बदलून घ्यायचो, पण यंदा मी जाणार नाही. आई जाईल. कॉलनी विचारेल, विचारू दे. आपण दोघं मागच्या अंगणात उन्हात बसू. सांगावंसं वाटलं तर सांग, मी मध्ये बोलणार नाही. नाही सांगितलंस तरी चालेल.

माझा मुलगा निर्दोष परत यावा, असं मी आता देवाकडे मागत नाही. परत यावा, एवढंच मागतो.

तू जे काही करून आला असशील, त्यासकट तुझाच,
बाबा