मुठीचं माप

३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून तुम्ही रोज दुकानाच्या पायरीवर येऊन पोस्टमनची वाट बघत असाल, हे मला इथे बसून दिसतंय. तुमचा जीव टांगणीला लागू नये म्हणून आधीच सांगते, मी धडधाकट आहे. पण शारीरिक चाचणीत नापास झाले. धावणं झालं, दोरावर चढणं झालं, पुश-अपनी घात केला. दोन मिनिटांत तीस हवे होते, माझे एकोणीस भरले. दोन एप्रिलला आणखी एकदा संधी आहे. तेव्हाही तीस झाले नाहीत तर सैन्य नाही नि काही नाही, ट्रंक उचलायची आणि घरी यायचं.

खरं दुःख वेगळंच आहे. इथे पुश-अप मोजायची एक रीत आहे. एकीने जमिनीवर मूठ उभी ठेवायची, दुसरीने खाली येताना छाती त्या मुठीला टेकवायची. टेकली तरच पुढचा आकडा, नाहीतर मागचाच पुन्हा म्हणायचा. आमच्या खोलीत एक मुलगी होती, तिला सगळ्या गाणारी म्हणायच्या, कारण ती बूट पुसतानाही गात असायची. तिची ही शेवटची संधी होती आणि तिच्याखाली मूठ माझी होती. अठ्ठावीसपर्यंत नीट गेली. पुढचे दोन टेकले नाहीत, मी अठ्ठावीसच म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी ती घरी गेली.

तेव्हापासून खोलीतलं कोणी माझ्याशी बोलत नाही. भांडत नाहीत, टोमणे मारत नाहीत, नुसतं बोलत नाहीत. जेवणाच्या टेबलावर माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या असतात. संध्याकाळी सराव जोडीजोडीने चालतो. एकोणीसजणींच्या खोलीत माझ्याखाली मूठ धरायला एकही हात नाही, बाबा. मी कोपऱ्यात एकटीच खालीवर होते आणि छाती किती खाली गेली ते मलाच कळत नाही.

मी चुकले का, ते लिहा. लोभ आहेच, या नापास मुलीवर थोडा जास्तच असू द्या.

तुमची,
पाचर

११ फेब्रुवारी

चि. पाचर हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा दुकानात उभ्याने आणि एकदा घरी बसून. नापास झालीस त्याचं मला फार वाटलं नाही. सांधा पहिल्या ठोक्यात बसला, असं माझ्याही आयुष्यात क्वचितच झालंय. त्या मुलीचं मात्र दोन दिवस डोक्यातून जाईना. तरी सांगतो, तू केलंस ते बरोबर केलंस. बरोबर वागलं की लोक पाठ थोपटतात, असं मी तुला कधी सांगितलं होतं का? नाही ना? मग तक्रार करू नकोस.

शेजारचा शिंपी म्हणाला की दोन आकड्यांनी काय आभाळ कोसळणार होतं. त्याला म्हटलं, तू बाह्या दोन बोटं आखूड शिवतोस म्हणून तुला असं वाटतं. त्यावर तो रुसला तो पार संध्याकाळच्या चहापर्यंत.

आता कामाचं. आमच्या वेळी याला जोर म्हणायचे. अंग फळीसारखं सरळ ठेव, मध्ये पोक नको आणि कंबर लोंबायला नको. रंधा मारताना ताकद खांद्यातून आणि पाठीतून येते, मनगटातून नाही, तसंच हेही असणार. आणि एका दमात छाती फुटेस्तोवर करू नकोस. दिवसातून दहा वेळा पाच-पाच कर, म्हणजे अंगाला सवय होते. मी उंटावरून शेळ्या हाकतोय हे मला कळतं, पण ऐक.

सोबत लाकडाचा ठोकळा पाठवलाय. जुन्या चौकटीचं लाकूड आहे, फुटायचं नाही. बरोबर मुठीएवढा उंच आहे. छातीखाली ठेव आणि त्याला टेकलं की मोज. तो तुझ्याशी अबोला धरणार नाही. अक्षर वाकडं आलंय त्याकडे लक्ष देऊ नकोस, पेन नवीन आहे. इकडची काळजी करू नये. जेवत जा.

तुझा,
बाबा

२८ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

ठोकळा मिळाला. कागद फाडला तेव्हा लाकडाच्या वासाने मला इतकं रडू आलं की मी टॉवेल घेऊन न्हाणीघरात जाऊन बसले. नंतर निरखून बघितलं तर एक कड खडबडीत आणि करवतीची रेघ तिरकी. बाबा, हे तुमचं काम? दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर तुम्ही ते त्याच्या डोक्यात घातलं असतं. म्हातारे झालात की आळशी, ते एकदा ठरवा.

तुमची पाच-पाचची युक्ती लागू पडली. उठल्यावर पाच, दात घासून पाच, बूट घालायच्या आधी पाच. ठोकळा बूट ठेवतात त्या फळीवर असतो, येताजाता खाली ठेवते. मनातल्या मनात आकडे तुमच्या आवाजात म्हणते, कारण इथे दुसरा कुठला आवाज माझ्यासाठी नसतो. काल आठवडाभरात मी एकूण किती शब्द बोलले ते आठवून पाहिलं. हजेरीला हजर, जेवणघरात आणखी एक अंडं, दवाखान्यात टाच दुखते. संपलं.

पण आता बातमी ऐका. काल ठोकळ्यावर एकतीस झाले! दोन मिनिटांच्या आत, पोक न काढता. उठले आणि कुणाला सांगावं म्हणून वळले, तर सगळ्यांच्या पाठी. म्हणून तुम्हाला सांगतेय. एकतीस, बाबा.

तुमची पत्रं अशी त्रोटक का येतात? शाळेचे बाक झाले का? सविस्तर लिहा, माया जशी आहे तशीच ठेवा.

तुमची,
पाचर

६ मार्च

चि. पाचर हिस,
अनेक आशीर्वाद.

एकतीसची बातमी शिंप्याला सांगितली, त्याने चहा पाजला. शाळेचे बाक दुसऱ्याला दिले. कंटाळा आला होता, आणि एवढी धावपळ आता करायची कोणासाठी? दुकान दुपारी बंद करून घरी येतो. घर एकट्याला मोठंच आहे. तुझ्या खोलीचं दार उघडं ठेवतो, बंद असलं की तू आत झोपली आहेस असं उगाच वाटत राहतं.

तुझा निळा कप माझ्या हातून फुटला. रागावू नकोस. लिहिण्यासारखं एवढंच. सराव सोडू नकोस आणि माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
बाबा

१३ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

काल सराव-चाचणी झाली. माझ्याबरोबर कोणी उभं राहिना, तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी स्वतःच माझ्याखाली मूठ ठेवली. मी खुशीत होते, कारण माझे एकतीस होते ना! पहिल्यालाच बाई म्हणाल्या की खाली ये. दुसऱ्याला तेच, तिसऱ्याला तेच. शेवटी भरले तेवीस. मला म्हणाल्या की तू अर्ध्यातूनच परत फिरतेस, कोणी शिकवलं असं? सगळ्यांनी ऐकलं. दुसऱ्यांचे आकडे कापणारीचे आकडे कापले गेले, त्यांना बरंच वाटलं असेल.

खोलीत येऊन पहिल्यांदा तुमच्यावर चिडले, ठोकळा पलंगाखाली भिरकावला. मग ट्रंकेतली पिनांची डबी काढली. आठवते? मी दहा वर्षांची असताना हट्ट धरला होता की तुमच्या मुठीएवढी डबी पाहिजे. हाताने मोजणं म्हणजे अडाण्यांचं काम, असं कुरकुरत तुम्ही फळीवर मूठ उभी केलीत आणि मी पेन्सिलीने रेघ मारली. ती डबी ठोकळ्याशेजारी ठेवली. ठोकळा बोटभर उंच आहे, बाबा. बोटभर आधीच मी टेकत होते आणि वर येत होते. जवळजवळ चार आठवडे.

सुताचाही फरक तुम्ही कधी चालवून घेतला नाहीत. म्हणजे माप चुकलेलं नाही, मूठच वाढली आहे. हे डोक्यात आलं आणि मग बाकीचं सगळं भराभर लागत गेलं. वाकडं अक्षर, तिरकी करवत, सोडून दिलेले बाक, फुटलेला कप. तुमचा हात सुजलाय. कधीपासून? झाकली मूठ सव्वा लाखाची असते, हे तुम्ही फारच मनावर घेतलंत!

खरं लिहा. नाहीतर मी अर्ज देऊन निघून येते. तसंही इथे मी गेले तर कोणाची चादर सुरकुतणार नाही.

तुमची,
पाचर

१८ मार्च

चि. पाचर हिस,
अनेक आशीर्वाद.

पकडलंस. गेल्या पावसाळ्यापासून उजवा हात सुजतो. आधी सकाळपुरता होता, आता दिवसभर. मूठ घट्ट मिटत नाही, रंधा धरवत नाही. पेन नवीन नव्हतं, हात नवीन होता, सगळी पत्रं डाव्याने लिहिली आहेत. परवा शिंप्याने ओढून डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या चालू आहेत. सूज उतरेल म्हणाले. रंधा पुन्हा धराल, असं काही म्हणाले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू आली असतीस. आताही यायचं नाही. माझ्या हाताला तू येऊन फुंकर मारणार आहेस का? घरात दोन माणसं एकमेकांकडे बघत बसण्यापेक्षा एकाने तरी काहीतरी करावं.

चुकीच्या मापाची मात्र लाज वाटते. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाला दिलं नाही ते खोटं माप पोटच्या पोरीला दिलं. ठोकळा बोटभर कापून घे, नाहीतर डबीवर सराव कर. ती मूठ खरी होती. अजून पंधरा दिवस आहेत आणि खांद्यांत ताकद आलेलीच आहे, फक्त बोटभर खाली उतरायचं आहे.

लोभ ठेव, राग ठेवू नकोस.

तुझा,
बाबा

३ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

काल चाचणी झाली. जोड्या चिठ्ठ्या टाकून लावल्या. माझ्या चिठ्ठीत कोण निघावं? गाणारीची जिवाभावाची मैत्रीण, लांब वेणीवाली. तिने माझ्याकडे न बघता मूठ ठेवली. मला वाटलं, संपलं, ही आता मूठ हळूच खाली दाबणार किंवा आकडे खाणार.

पंधरा दिवस मी डबीवरच केले होते. पहिल्या दिवशी तेवीसच्या पुढे जाईना, दंड थरथरायचे, पण रोज एखादा वाढत गेला. काल वीसपर्यंत सरळ गेले. चोविसानंतर ती पुन्हा चोवीस म्हणाली. मग पुन्हा चोवीस. आणि मला माहीत होतं की ती खरं बोलतेय, मी टेकले नव्हते. मला राग आला नाही. तिची मूठ जिथे ठेवली होती तिथेच होती, केसभर हलली नाही. वर थांबून दोन श्वास घेतले, तुमचा आवाज मनात आणला आणि बोटभर खाली उतरले. शेवटी ती तीस म्हणाली तेव्हा सहा सेकंद शिल्लक होते.

तिने कागदावर आकडा लिहिला, हात झटकला आणि निघून गेली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. संध्याकाळी जेवताना तिने माझ्या शेजारची एक खुर्ची सोडून बसून मीठ पुढे सरकवलं. बोलली नाही. एवढंच झालं, पण मी मीठ दोनदा घेतलं.

आता कडू बातमी. पास झालेल्यांना पुढच्या केंद्रावर पाठवतायत, आहे त्याच्या दुप्पट लांब. वर्षभर सुटी नाही. पास झाल्याचा आनंद करावा की तुम्ही तिथे एकटे म्हणून रडावं, ते कळत नाही, म्हणून ट्रंक भरत बसले आहे. ठोकळा कापला नाही. डबी तळाशी ठेवली, ठोकळा वर.

एकच विचारायचं राहिलं. दुकानात टेप आहे, फूटपट्टी आहे, खिळ्याला गुण्या टांगलेला आहे. मुठीची उंची किती, हे तुम्हाला झोपेतही सांगता येईल. मग सुजलेल्या हाताने मोजायला का गेलात?

नव्या पत्त्यावर लवकर लिहा. तुमच्या गोळ्या, तुमचं जेवण आणि तुमची माया, तिन्हीत खाडा नको.

तुमची,
पाचर

९ एप्रिल

चि. पाचर हिस,
अनेक आशीर्वाद.

तीस! मी पत्र हातात घेऊन शिंप्याकडे गेलो आणि दारातच बसलो. त्याने यंत्र थांबवून पत्र मोठ्याने वाचलं. मिठापाशी आल्यावर तो नाक पुसायला आत गेला.

आज तुझ्याशी खोटं बोलणार नाही. ठोकळा चुकलाय असं तू लिहिलंस त्या दिवशी मला लाज वाटली, पण एका मनाला असंही वाटलं की बरं झालं, आता पोर परत येईल. दिवसभर तसंच वाटत राहिलं. तुझ्या खोलीतली चादरही बदलली. दुसऱ्या दिवशी उठून तुला येऊ नकोस म्हणून लिहिलं. ते लिहायला फार वेळ लागला, आणि त्याचा दोष डाव्या हाताला देता येणार नाही.

हात उतरतोय. करंगळी टेकते आता तळव्याला. वर्ष काय, जाईल. तू तिथे आकडे मोज, मी इथे बोटं मोजतो.

तू विचारलंस त्याचं सांगतो. टेप समोरच टांगलेला होता. हात पुढे केला आणि मागे घेतला. तुझ्या पत्रात लिहिलं होतं, एकोणीसजणींच्या खोलीत माझ्याखाली मूठ धरायला एकही हात नाही. अशा पोरीला टेपचं माप काय पाठवायचं? म्हणून मूठ ठेवली लाकडावर. रेघ डाव्या हाताने मारली, करवत डाव्या हाताने चालवली, चार दिवस लागले. हात सुजलेला आहे हे दिसत होतं, पण त्यामुळे माप चुकेल हे खरंच सुचलं नाही. बाप मूठ देतोय एवढंच सुचलं.

आता तुला तिची गरज नाही. तरी जवळ ठेव.

तुझा,
बाबा