द्वारकाबाईंची खिडकी

हिंगोली,
कार्तिक वद्य पंचमी, शके १८६५

प्रिय निर्मल,

काल दुपारी खेमा कापसाची गाडी जिनिंगवर रिकामी करून आपल्या दारात आला आणि पायरीवर उभा राहूनच त्याने तुझा निरोप सांगितला. “बाई, धाकल्या मालकीनबाई बाळंतपनाला हिकडं येऊन न्हाई राहिल्या. बाळापुरातच करायचं म्हणल्या.” म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे, नाहीतर तुला आणायला कधी यायचं ते कळवायला एक कार्ड पुरलं असतं. मी त्याला कारण विचारलं. तो डोक्याचं मुंडासं सोडून पुन्हा बांधायला लागला. शेवटी म्हणाला, “त्या म्हणल्या, आईची खोली लई चांगली हाये, पर तिथं बसायला कुनी न्हाई.” जिला पत्र लिहायला मी स्वतः शिकवलं, तिने असा निरोप गाडीवानाबरोबर तोंडी पाठवावा, यावर मी काही म्हणत नाही. खोलीबद्दल मात्र म्हणणार आहे.

पूर्वेची खोली मी ज्येष्ठापासून लावते आहे. तुझी बातमी कळली आणि तिथली धान्याची कणगी मी हलवली. चुन्यात नीळ घालायची इथली पद्धत. मी घालू दिली नाही. निळसर भिंतीपुढे बाळंतीण आहे त्याहून फिकी दिसते आणि बघायला येणारे घाबरतात. चिमूटभर पिवडी घातली. आता सकाळचं ऊन पडलं की भिंत सायीच्या रंगाची होते. लढाईमुळे मांजरपाट मिळत नाही, तेव्हा कॉलेजातली माझी इंदुरी पातळं फाडून पडदे शिवले. छावणीतल्या कुण्या साहेबाचा जुना लोखंडी पलंग खरवडून पांढरा रंगवून घेतला. उशाशी एक खुर्ची ठेवली. या गावात बैठक कशी लावावी हे लोक मला विचारायला येतात, तुला माहीत आहे. वाचनालयातली बायकांची खोली मी लावली. तहसीलदारांच्या बेगमसाहेबांनी गालिचाचा रंग माझ्या सांगण्यावरून बदलला. तुझे बाबा म्हणतात, “तुमच्या दिवाणखान्यात बसलं की वाटतं, आता आपल्या नावाचा पुकारा होईल.” वकिलाने दुसरं काय म्हणावं? पण बेगमसाहेबांनी तसं म्हटलेलं नाही.

आश्विनात तुझ्या डोहाळजेवणाला आम्ही बाळापूरला आलो, तेव्हा मी खोट काढायच्या तयारीनेच आले होते. कोळशावरची ती मोटर कळमनुरीपुढे बंद पडली, उतारूंनी ढकलली, माझ्या लुगड्यावर काजळी बसली. तशी मी तुमच्या दारात उतरले, तर अंगणात बायकांची ही गर्दी. मला वाटलं तुझ्या ओटीसाठी जमल्या आहेत. तुमच्या शेजारच्या रुख्मिणीबाई म्हणाल्या, “आधी द्वारकाबाईची खिडकी पाहून घ्या, बाई. आख्ख्या गावात अशी न्हाई.” सासूबाईंनी सुनेच्या बाळंतपणासाठी खोली केली आणि गाव ती बघायला लोटलं होतं.

मी पाहिली, आणि दारातच थांबले. निर्मल, ती माझी खिडकी होती. बाजेच्या उंचीवर, आडवं पडलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल अशी. इतक्या खाली आपल्याकडे कुणी खिडकी पाडत नाही. चोर येईल, साप येईल, नजर लागेल म्हणून सगळे झरोके डोक्याच्या वर. अशी खिडकी फक्त आपल्या पूर्वेच्या खोलीत आहे. तू पोटात असताना मी गवंड्याशी भांडून ती पाडून घेतली आणि तू तिच्यापाशीच जन्मलीस. आता ती द्वारकाबाईंच्या धाब्याच्या घरात, हातभर जाड मातीच्या भिंतीत बसली होती, आणि सगळ्या बायका तिला द्वारकाबाईंची खिडकी म्हणत होत्या. ती माझी नव्हे, असं काही द्वारकाबाई म्हणाल्या नाहीत. आतूनच एवढं म्हणाल्या, “पोरगी म्हणली, पडल्या पडल्या लिंब दिसाया पाहिजे. मंग म्या सुताराला बोलावलं.” पोरगी म्हणली! पोरगी कुणाचं म्हणणं म्हणत होती, हे विचारायला त्यांना सुचलं नाही आणि सांगायला तुला.

त्या जागेवरून न उठता बोलत होत्या, कारण त्यांना उठता येत नव्हतं. तुझे पाय त्यांच्या मांडीवर होते. सुजलेल्या पायांना त्या कोमट तेल चोळत होत्या. सासू सुनेचे पाय चोळते हे मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. मला पाहून तू हसलीस, पण पाय मागे घेतले नाहीस. मी तुझे पाय कधी चोळले नाहीत हे खरं. ते दुखतात असं मला कुणी कळवलंच नव्हतं.

त्या बसल्या होत्या तो ओटा मी मग पाहिला. बाजेला लागून, बाजेइतकाच उंच, खिडकीपासून थेट दारापर्यंत. सारवलेला, वर घोंगडी. त्यावर एक बाई डाळ निवडत होती, एक म्हातारी डुलक्या घेत होती, कुणाचं तरी लेकरू मुठी आवळून झोपलं होतं. “टेका की, इहीनबाई,” द्वारकाबाई म्हणाल्या. मी भिंतीला पाठ टेकली आणि दचकले. भिंत गरम होती. पलीकडे चूल आहे, आणि ओटा मुद्दाम चुलीच्या भिंतीला धरून घातला आहे. माझी पाठ भाद्रपदापासून दुखते आहे. हे मी तुझ्या बाबांनाही सांगितलेलं नाही. जरा टेकावं म्हणून बसले होते ती गाडीवाला हाका मारीपर्यंत उठले नाही.

मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं खायचं नाही, हे मी मानत नाही, पण मोडलेलंही नाही. द्वारकाबाईंनी मला त्याबद्दल विचारलंसुद्धा नाही. रुख्मिणीबाईंच्या घरून झाकलेलं ताट आलं. “हे आमच्या चुलीवरचं न्हाई, अन् पानी बी त्यांच्याच आडाचं. आता बिनघोर जेवा.” मला राग आला. माणसाने इतकं बरोबर वागू नये. तुळईच्या सांध्यात जळमट होतं, ते मी दाखवलं. “व्हय की!” म्हणून त्या पदर खोचून ओट्यावर चढल्या आणि केरसुणीने तिथल्या तिथे काढून मोकळ्या झाल्या. वरून मलाच विचारतात, “अजून कुठं दिसतंय का बघा बरं. आमचे डोळे गेले आता.” भांडायचीसुद्धा सोय नाही. तू इतकी मोठ्याने हसलीस की ती म्हातारी जागी झाली. आपल्या घरात तू असं हसल्याचं मला आठवत नाही.

परत आल्यावर मी स्वस्थ बसले नाही. उशाची खुर्ची फार उंच वाटली म्हणून सुताराकडून तिचे पाय कापून घेतले. आता ती पाय कापलेली खुर्ची दिसते, एवढंच. आपली चूल मागच्या अंगाला आहे. ती पूर्वेच्या खोलीमागे आणता येईल का, म्हणून मी दोरी घेऊन माप घेत होते, तर तुझे बाबा दारात येऊन उभे. “आज चूल हलवा, उद्या आड हलवा, परवा आख्खं बाळापूरच उचलून आणा.” मी दोरी गुंडाळायला लागले, तेव्हा म्हणाले, “पण तुम्ही काही म्हणा, मला तिथं बरं वाटलं.” त्या दिवशी ते तुझ्या सासऱ्यांबरोबर, उकंडरावांबरोबर, ओसरीवर बसले होते आणि निघायचं नाव घेत नव्हते. इथे पक्षकार गेला की तेही उठून आत जातात. संध्याकाळी मी त्यांना चहा दिला नाही. घरात माझ्या बाजूने एकही माणूस नाही, हे मला तेव्हा कळलं.

काल खेमा मुक्कामाला जिनिंगवर परत गेल्यावर मी पूर्वेच्या खोलीत गेले, दार लावलं आणि त्या पलंगावर आडवी झाले. आजवर मी लावलेल्या कुठल्याच खोलीत मी अशी पडून पाहिलेली नव्हती. खिडकी बरोबर आहे. तिथून आपली सीताफळं दिसतात आणि वर आभाळ. भिंतीचा रंगही बरोबर आहे. मान वळवली तर खुर्ची दिसली. तिच्यावर एक माणूस बसेल आणि तपासणीला आल्यासारखं बघेल. दुसरं आलं तर उभं राहील, आणि उभं राहिलेलं माणूस दोन शब्द बोलून जातं. तुझ्या निरोपात खोटं काही नाही, इतकं लिहिते. याहून जास्त कबुली माझ्याकडून मागू नकोस.

पण खुर्ची एकच का, ते तुला ठाऊक नाही. तुझ्या आधी मला एक मुलगा झाला होता. औंढ्याजवळच्या आपल्या गावी, सासरच्या घरात. कॉलेज सोडून, लग्न होऊन मी नुकतीच आले होते. बाळंतिणीच्या खोलीला एकच झरोका, छताशी. वारं लागेल म्हणून त्यात चिंध्या कोंबल्या. बाजेखाली शेगडी, कोपऱ्यात धुरी, दार बंद. मी म्हटलं, तो बोळा काढा. बायका हसल्या. “शिकलेली बाई बाजेवरनं बी हुकूम सोडती,” म्हणाल्या. लेकरू खोकत होतं. मी पुन्हा म्हटलं. बारशाच्या आधीच ते गेलं. सटवाईने नेलं म्हणाले. मला उठता येत नव्हतं आणि डोळ्यांसमोर नुसती भिंत होती. त्या खोलीत बसायला पुष्कळ बायका होत्या, निर्मल. चांगल्या होत्या, सगळ्या जागेवर बसून रडल्या. बोळा कुणीच काढला नाही. म्हणून तुझ्या वेळी मी खिडकी खाली आणली, माझा हात पोचेल इतकी. आणि एका नर्सबाईखेरीज खोलीत कुणाला येऊ दिलं नाही. लोक म्हणाले, गर्विष्ठ आहे. म्हणू दे.

द्वारकाबाई चांगल्या आहेत. एवढं वाक्य लिहायला मला सकाळपासून दुपार झाली. पण पौषात थंडी पडेल, लेकरू होईल, पाचवीची पूजा येईल, आणि त्या ओट्यावरची कुणीतरी म्हातारी म्हणेल, वारं लागंल. पहिला बोळा ती कोंबेल आणि दुसरा नानीबाई सुईण. द्वारकाबाईंना कुणाला तोंडावर नाही म्हणता येत नाही, हे मी एका दिवसात ओळखलं. त्यांच्या ओट्यावर एवढी माणसं बसतात ती त्यामुळेच. तुला त्या वेळी बोलायचं त्राण नसेल. मला नाही म्हणता येतं. आयुष्यभर तेवढंच मी चोख केलं, असं तुझे बाबा सांगतील. तेव्हा तू हिंगोलीला येऊ नकोस. मीच येते. हे पत्र तुला रागवायला लिहिलं नाही. मी येते हे सांगायला लिहिलं आहे, आणि सांगायच्या आधी बराच वेळ गेला, तो मनातलं जळणं बाहेर काढण्यात गेला. द्वारकाबाईंना विचारू नकोस, नुसतं सांग. ओटा त्यांचा, त्यावर त्यांनी गाव बसवावं. खिडकीपाशी मात्र मी बसणार. मी येईपर्यंत पाय त्यांच्याकडून चोळून घे. नंतरचं मी बघते.

तुझीच,
आई

खेमाच्या गाडीत चढवलेलं सामान, उतरवून घेताना पाहून घ्यावं:

लोखंडी पलंग, सुटा करून, गोणपाटात बांधलेला. द्वारकाबाईंच्या बाजेत ढेकूण नसतील, तरीही.

इंदुरी पातळांचे पडदे. दिवसा बांधून ठेवावेत, सोडू नयेत.

मच्छरदाणी.

माझी वळकटी. ती ओट्याच्या खिडकीकडच्या टोकाला टाकावी. तिथे द्वारकाबाई बसतात, मला ठाऊक आहे. त्यांना सरकायला सांगावं.