ताईंनी काढून घेतलेलं बटण

मंगळवार, संध्याकाळ

ह्यांना जाऊन आज पंधरा दिवस झाले. चहा घेता घेता ताई, माझ्या नणंदबाई, सहज म्हणाल्या, “ते बटण मी उशीखाली सरकवायचे हो. म्हटलं, बाळ्या, मॉर्फिन ते, सवय लागेल. कण्हायचा, पण ऐकलंन माझं.”

ऑपरेशननंतर दुखलं की पेशंटने स्वतः दाबायचं बटण. ठरल्यापेक्षा जास्त औषध मशीन देतच नाही, हे सिस्टरनी आम्हा दोघींना समजावलं होतं. मग का?

मी फणसवाडीला घरी डबा करायला यायचे, तेवढा वेळ ताई हॉस्पिटलमध्ये ह्यांच्यापाशी बसायच्या. मी परतले की बटण ह्यांच्या हाताशीच दिसायचं. पण हे दाबायचे नाहीत. मला वाटायचं, दुखत नसेल. सगळ्यांना फोनवर तसंच सांगितलं. कपाळावर घाम दिसला की मी एसी वाढवायला सांगायचे.

“दुखतंय का हो?” विचारलं की हसून म्हणायचे, “छे. तू जेवलीस का?”

मी चहाचे कप उचलून आत गेले. ताईंचा राग आलाच आहे, तो राहील. पण तुम्ही त्यांच्यासमोर कण्हलात आणि माझ्यासमोर हसलात, हे मी कोणाला सांगू?