कऱ्यापुरतं पाणी

१८ एप्रिल २०१६

टँकर आला नाही. दुपारी हौदावर गेले. नहरीचं पाणी करंगळीएवढं पडतं आहे. पाऊस दोन वर्षं नाही, तरी पडतं आहे! चारशे वर्षांची ही नहर, जमिनीखालून येणारी. दर उन्हाळ्यात हे हौदातला गाळ काढायचे. दिवाळीनंतर हे गेले. गाळ तसाच आहे.

अक्षय्य तृतीयेला ह्यांच्या नावानं मातीचा पहिला करा पाण्यानं भरायचा आहे. सासऱ्यांचा करा हे नहरीच्याच पाण्यानं भरायचे.

२१ एप्रिल

वसाहतीत बोअर घ्यायचं ठरलं. पाणी बघणारा पानाड्या आला. त्याच्या तळहातावरचा नारळ आमच्या कुंपणाजवळच उभा राहिला. टाळ्या! मी म्हटलं, इथं खाली नहर आहे, नारळ तिच्यामुळंच उभा राहिला. चेअरमन तात्यासाहेब हसले. "वहिनी, मग तर बरंच की! पाणी हायच म्हणायचं."

हे असते तर बोलले असते.

२३ एप्रिल

शेजारच्या वच्छलाबाईंना म्हटलं, आपण बायका मिळून थांबवू.

"लेकराला आंघोळ घालून आठ दिस झाले, बाई. नहर बघू का लेकरू?"

 

२५ एप्रिल

बोअरच्या गाडीपुढं जाऊन उभी राहिले. मी! सगळे बघत होते. तात्यासाहेबांनी हात जोडले — "वहिनी, तुम्ही दुःखात हायेत. घरात चला बरं." वच्छलाबाईंनी दंडाला धरून आणलं. माझ्याच घरात मला चहा करून दिला. बाहेर गाडी सुरू झाली.

संध्याकाळी पाणी लागलं. गुलाल उधळला. वर आलेल्या चिखलात खापराचे तुकडे होते — लाल, बाकदार. नहरीचा नळ. कुणी वाकून पाहिलं नाही.

२६ एप्रिल

हौदात थेंब नाही.

४ मे

बोअर आटलं. नहर फुटली, पाणी कुठं मुरलं कोण जाणे. तात्यासाहेब दारात उभे होते. "दुसरी जागा बघू, वहिनी." मी हौदाकडं बोट दाखवलं. मग तेच गेले.

९ मे, अक्षय्य तृतीया

काल शहागंजच्या बाजारातून दोन करे आणले. वच्छलाबाई म्हणाल्या, "एकच लागतो की हो!"

सकाळी टँकरच्या पाण्यानं भरले. एक ह्यांच्या नावानं. दुसरा नहरीच्या.

उरलेलं पाणी गाळून हंड्यात ओतलं.