आठ मतांचा अध्यक्ष

५ नोव्हेंबर २०२०, गुरुवार. ग्लेन वेव्हर्ली.
वर्क फ्रॉम होम. काम शून्य. दिवसभर अमेरिकेचा निकाल. मंजिरीने विचारलं, तुझं तिथे मत आहे का? मत नाही, अभ्यास आहे. बायकोला फरक कळत नाही. तिथे नुसती जास्त मतं मिळून अध्यक्ष होता येत नाही. प्रत्येक राज्याची इलेक्टोरल व्होट्स ठरलेली. बहुतेक राज्यांत एका मताने जिंका, तिथली सगळी व्होट्स तुमची. एकूण ५३८. २७० झाली की संपलं. काय सुंदर व्यवस्था!

आपल्या मराठी मंडळाची निवडणूक १५ला. मी उभा. समोर चित्रलेखा. लॉकडाउनमध्ये शेजारच्या क्लेटन सबर्बमधल्या, देशातून इथे शिकायला आलेल्या बावीस स्टुडंट्सच्या पार्टटाइम नोकऱ्या गेल्या, तेव्हापासून ती त्यांना डबे पोचवते. म्हणजे बावीस मतं तिची. लोकशाहीला घातक आहे हे.

८ नोव्हेंबर, रविवार
झूमवर प्रस्ताव मांडला. सबर्बमध्ये मंडळाच्या सभासदांची जितकी घरं, तितकी इलेक्टोरल व्होट्स. ग्लेन वेव्हर्ली आठ, क्लेटन चार, रोव्हिल दोन. पोरं पाच-सहा जण एका घरात राहतात, त्याला मी काय करणार? सेक्रेटरी दत्तात्रयकाका म्हणाले, "काहीही करा, पण झूम फ्री आहे, चाळीस मिनिटांत आटपा." एकोणचाळिसाव्या मिनिटाला मंजूर. स्टुडंट्सतर्फे अवधूत "पण काका, आमचं..." म्हणाला आणि कट.

१५ नोव्हेंबर, रविवार, दुपारी २
मतदान सुरू, सहापर्यंत. प्रत्येकाला इमेलवर लिंक. ग्लेन वेव्हर्लीच्या पंधरा मतांपैकी सहज बारा माझी.

३.१०
फोन करून अंदाज घेतला. सगळे "बघतो" म्हणतात. फार घासून होणार. मंजिरी हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर. तिचा लॅपटॉप डायनिंग टेबलवर उघडाच.

३.२५
मंजिरीचं मत दिलं. म्हणजे तिच्या वतीने. मलाच देणार होती. नर्सला दिवसभर उसंत नसते, तेवढाच तिचा त्रास वाचला.

६.३०
झूमवर निकाल. ग्लेन वेव्हर्ली: मी आठ, चित्रलेखा सात. म्हणून इथली आठही व्होट्स माझी. क्लेटन आणि रोव्हिल तिची, मिळून सहा. सगळी माणसं मोजली तर मला आठ, तिला तेहेतीस. पण तशी मोजायचीच नसतात. मी अध्यक्ष!

अवधूतने विचारलं, आम्हा बावीस जणांची किंमत चार? मी २००० सालचं फ्लोरिडा सांगितलं. पाचशे सदतीस मतांवर अख्खी निवडणूक फिरली. १८७६चा वाद आयोगापुढे गेला, शेवटी एका इलेक्टोरल व्होटने निकाल. चित्रलेखा एवढंच म्हणाली, "अभिनंदन, श्रीनाथ. मी निघते, कुकर लावायचाय."

७.१५
मंजिरी आली. म्हणाली, ब्रेकमध्ये फोनवरून मत द्यायला गेले, तर आधीच दिलंय असं आलं. ग्लिच असेल, मी म्हटलं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "मी चित्रलेखाला देणार होते." जेवायला समोर बसली नाही.

१६ नोव्हेंबर
तेवढं एक मत तिकडे गेलं, तर आठ-सात उलटं होतं आणि चौदाच्या चौदा व्होट्स चित्रलेखाची. कोणाला कळणार नाही. मंजिरी सांगणार नाही. बोलतही नाही. अमेरिकेत अजून भांडतायत. वादाचे निकाल लांबतातच. संयम हवा.

१८ नोव्हेंबर
ग्रुपसाठी मेसेज लिहिला. "तांत्रिक कारणामुळे..." खोडलं. "घरातील गैरसमजातून..." खोडलं. मागे ओवी उभी. दहा वर्षांची आहे, मराठी वाचता येत नाही, पण आईकडून कळलं असावं. "डॅड, डिड यू चीट?"
म्हटलं, इट्स कॉम्प्लिकेटेड.
"इट्स नॉट," म्हणाली आणि गेली.

१९ नोव्हेंबर
मेसेज पाठवला. मंजिरीचं मत मी तिला न विचारता दिलं. अध्यक्ष चित्रलेखा. माफ करा. चाळीस जणांनी वाचलं.

दुपारी चित्रलेखाचा फोन. झापेल असं वाटलं. झापलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाली, "माझी गाडी सर्व्हिसला आहे. शनिवारी डबे पोचवशील?"

२१ नोव्हेंबर, शनिवार
बावीस डबे घेऊन क्लेटनला. अवधूतला काय सांगायचं ते गाडीत पाठ केलं. लोकशाही, आत्मपरीक्षण, असे दोन मुद्दे. अवधूतच्या घराचं मी एक व्होट धरलं होतं. दाराबाहेर बुटांचे सहा जोड. हॉलमध्ये जमिनीवर गाद्या, एक जण इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून लेक्चर ऐकतोय. मास्क होता, तरी अवधूतने ओळखलं.

"अवधूत, मला..."

"नो वरीज, काका." डबे घेऊन आत गेला. परत आला. "पाणी हवंय का तुम्हाला?"

नको म्हटलं. गाडीत येऊन बसलो. एकटाच होतो, तरी बराच वेळ मास्क काढला नाही.